गोडंबी नाही ना?

त्या पुडिंगातून कमलिनीला काय मिळणार होतं ते आधी मोजून घेतलेलं बरं. पुढच्या गडबडीत ते कुणाला आठवणार नाही, खुद्द तिलाही नाही. पैसा मिळणार नव्हता. नाव झालंच तर म्हैसूरच्या विजयनगरातल्या एका गल्लीपुरतं, आणि तेही दसरा संपेपर्यंत. मिळणार होती एक हाक. तुळसीबाईंच्या स्वयंपाकघरातून, आतून बाहेर येणारी, 'अगं कमलिनी' अशी एकेरी हाक. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही ती मिळाली नव्हती. तुळसीबाई तिला 'पुण्याच्या बाई' म्हणत. ती अकोल्याची. हे तिने एकदा धीर करून सांगितलंही होतं, तर तुळसीबाई म्हणाल्या होत्या, "हो का? म्हणजे पुण्याजवळच की," आणि तिला पुन्हा पुण्यात नेऊन ठेवलं होतं. तुंगभद्रेच्या पलीकडे एक पुणं आहे आणि बाकी सगळी त्याची उपनगरं, असा त्यांचा भूगोल. त्यांचं घराणं कधीकाळी राजवाड्याच्या चाकरीत इकडे आलेलं. घरातलं मराठी जपून ठेवलेलं आणि कानडीत चांगलं मुरलेलं. नवऱ्याच्या कंपनीमागे म्हैसुरात येऊन पडलेल्या कमलिनीसारख्या बायकांकडे त्या मराठीतून तुळसीबाई किंचित वरून बघत. तुमचं मराठी शुद्ध असेल हो, पण तुम्ही इथल्या नव्हे.

ती हाक त्या संध्याकाळी अगदी तोंडाशी आली होती. तुळसीबाईंच्या दिवाणखान्यात गोंबे मांडलेले होते, दसऱ्यातल्या बाहुल्या, पांढऱ्या पंच्याने झाकलेल्या पायऱ्यांवर. सगळ्यांत वर लाकडी राजा-राणी, रंग उडालेले, पण मान ताठ. गल्लीतल्या बायका खाली सतरंजीवर. तुळसीबाईंनी दुसरी वाटी घेतली होती. दुसरी! चमचा चाटून त्या म्हणाल्या होत्या, "साखर नाही म्हणता? सुम्ने बोलता तुम्ही, उगाच. स्वल्पसुद्धा नाही?" कमलिनी नुसती हसली होती, आणि पुढचं वाक्य आता एकेरीत येणार असं तिला स्पष्ट वाटत होतं, शिंक येणार असं वाटतं तसं. तेवढ्यात बाहुल्यांपुढे मांडी घालून बसलेल्या पावनीने, तुळसीबाईंच्या नातीने, हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "अम्मा, जीभ टोचतीय." एवढंच. कुणाचं बोलणं थांबलं नाही. मुलीची आई सहना सरबताचे पेले भरत होती, तिला ते ऐकूही गेलं नसावं. कमलिनीला मात्र ऐकू गेलं. आणि ऐकल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं? पावनीच्या तोंडाकडे नाही, वाटीकडे पाहिलं. मुलीने अर्धं टाकलं होतं. आवडलं नाही वाटतं, असं तिच्या मनात आलं. ह्या एका क्षणाचं पुढे तिला काय करावं ते कधीच कळलं नाही. विसरावा म्हटलं तर तो इतर सगळ्या गोष्टींहून ठळक, आणि सांगावा म्हटलं तर सांगण्याजोगं त्यात काहीच नाही.

नेटवरची रेसिपी ती कधी जशीच्या तशी करत नसे. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि त्यातली हसरी बाई कढईत काय ओतते ते एखाद्या कडक मास्तरणीसारखं बघायची. बाईने कंडेन्स्ड मिल्क ओतलं, की कमलिनी म्हणे, नको. बाईने मैदा घेतला, की ही म्हणे, नाचणी. साखर, की खजूर. तूप चार चमचे, की एक. शेवटी त्या बाईचं काय उरे? नाव उरे आणि भांड्याचा आकार. नवरा, त्र्यंबक, पहिला घास घेऊन क्षणभर थांबायचा आणि अतिशय सौजन्याने विचारायचा, "छान झालंय. काय आहे हे?" मुलगी स्पृहा बेंगळुरूहून सुट्टीला आली की स्पष्ट सांगायची, "आई, ह्याला ब्राउनी म्हणू नकोस. उगाच अपेक्षा वाढते." कमलिनीला राग येत नसे. हसणारे हसोत, त्र्यंबकची साखर काठावर होती ती काठावरच थांबली होती, आणि ते कुणामुळे हे तिला ठाऊक होतं. खरं म्हणजे त्र्यंबकच्याही मागे तिला दुसरंच कुणी दिसत असे. अकोल्याचे अण्णा, तिचे वडील, कोटाच्या आतल्या खिशात पेढा घेऊन अंगणात फेऱ्या मारणारे. पेढ्याचा कागद उलगडताना होणारी बारीक चुरचुर तिला ओट्याशी उभ्या उभ्या ऐकू यायची. पुढे त्यांची बोटं गेली, मग पाऊल. तेव्हाही आई म्हणायची, 'एवढ्याशाने काय होतं,' आणि कमलिनी, तेव्हा कॉलेजात, बाजूला उभी राहून गप्प बसायची. आता ती गप्प बसत नव्हती. जगातल्या प्रत्येक गोडाच्या खिशात हात घालून ती आतलं काढून घ्यायची. आणि काढून घेतल्यावर जो पदार्थ हातात यायचा, फिका, करडा, भला, त्याकडे बघताना तिला कधी कधी वाटायचं की अण्णांनीही हा बघितला असता आणि सौजन्याने विचारलं असतं, काय आहे हे?

म्हणून मग काजू आले. ही गोष्ट तिने स्वतःशीही कधी नीट उच्चारली नव्हती. साखर काढली, साय काढली, लोणी काढलं, तर जिभेला धरून ठेवायला काहीतरी लागतं. आणि काजू रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी वाटून घातले की लागतं तसं सगळं मिळतं. भिजलेला काजू चिमटीत धरला की निसटतो, साबणासारखा. मिक्सर फिरला की आधी खरखर, मग घरघर, आणि मग एकदम आवाजच मऊ होतो, तेव्हा समजायचं की झालं. ते पांढरं, गुळगुळीत, कशाचाच वास नसलेलं वाटण तिच्या प्रत्येक पदार्थात जाई आणि तिच्या प्रत्येक वर्णनातून गळे. बायका विचारत, 'काय काय घातलंय?' ती सांगे, नाचणी, खजूर, नारळाचं दूध, वेलची. काजू ती सांगत नसे. पहिल्यांदा कुणी तरी म्हटलं होतं, 'काजू? मग काय उपयोग, ते काय कमी जड?' आणि तिच्या त्या दिवसाच्या मेहनतीतून हवाच निघून गेली होती. तेव्हापासून नाही. खोटं ती बोलत नव्हती. चार गोष्टी खऱ्या सांगून पाचवीपाशी थांबत होती. चार खऱ्या गोष्टींनंतर थांबलेल्या माणसाला कोण खोटं म्हणेल?

तुळसीबाईंना साखरेचा आजार निघाला तो ऐन श्रावणात, आणि घरात जणू कुणी त्यांचा अपमान केला होता. "सक्करे काहिले म्हणे मला," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या घराण्यात कुणाला नाही. डॉक्टर नवा आहे." पण दसरा जवळ आला, गोंबे बघायला येणाऱ्या पोरांच्या हातावर रोज काही ना काही गोड ठेवायचं, आणि ते आपण स्वतः खायचं नाही, हे त्यांना सहन होईना. तेव्हा त्यांनी सहनाला पाठवलं. "अक्का, अत्ते विचारतात," सहना मागच्या दारी येऊन म्हणाली होती, "तू ते साखर नसलेलं करतीस अल्वा, करतीस ना, ते एक दिवस करशील का? सगळ्यांना पुरेल तेवढं." सहनाला ते सांगताना हसू येत होतं, कारण आजवर तुळसीबाई त्या पदार्थांना 'पुण्याच्या बाईंचं औषध' म्हणत आल्या होत्या. सहना मूळची हासनकडची, कानडी घरातली, शाळेत शिकवायची. मराठी ती लग्नानंतर शिकली, पुस्तकातून नव्हे तर सासूच्या टोमण्यांतून, आणि चांगली शिकली. तरी तुळसीबाई चारचौघांत म्हणायच्याच, "आमच्या सूनबाईंचं मराठी म्हणजे उप्पिटातला खडा. दाताखाली आल्याशिवाय कळत नाही." सहना तेव्हाही हसे. कमलिनीला 'तू' आणि 'अक्का' म्हणणारं त्या घरातलं ते एकच माणूस. कढीपत्ता, म्हैसूर मल्लिगेची फुलं, गॅस कधी येणार त्याची बातमी, सगळं ती मागच्या दाराने आणून देत असे. पण मिळत असलेलं माणूस मोजायचं नसतं अशी आपली सवय; कमलिनी मोजत होती ती पुढच्या दाराची हाक.

त्या संध्याकाळी पुडिंगचं मोठं पातेलं उचलून ती तुळसीबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवायला गेली, तेव्हा तिथे ती आणि सहना दोघीच होत्या. सहनाने झाकण उचलून आत बघितलं. "अय्यो, हे तर हालबायसारखं दिसतं! आमची आई करते, रागीचं." नाचणी, गूळ आणि नारळाच्या दुधाची ती इथली जुनी वडी. म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याशा बाईच्या पुडिंगमधून एक एक गोष्ट काढत काढत कमलिनी जिथे पोचली होती, तिथे सहनाची आई आधीपासूनच बसलेली होती. कमलिनीला ते थोडं लागलं. मग सहनाने वाट्या पुसता पुसता विचारलं, "अक्का, ह्यात गोडंबी नाही ना? पावनीला गोडंबी होत नाही."

सहनाच्या बोलण्यात कानडी शब्द आला की कमलिनी थांबून विचारायची, 'म्हणजे गं?' मेणसू म्हणजे? हुरळी म्हणजे? तेवढा सावधपणा तिला होता. पण गोडंबी तिला विचारावी लागली नाही. गोडंबी तिची होती. बिबा फोडून आतून निघते ती गोडंबी. अकोल्याची मावशी हाताला खोबरेल फासून परसात बसायची, काळे कुळकुळीत बिबे अडकित्त्यात धरायची, आणि पोरांना लांब उभं राहायला सांगायची, कारण बिब्याचं तेल अंगाला लागलं तर उतायचं. धाकट्या बहिणीने एकदा फोडलेल्या टरफलाला हात लावून तोच गालाला लावला होता. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा कणकेसारखा फुगला होता, एक डोळा दिसेनासा झाला होता. आणि तरी स्पृहाच्या वेळी आईने अकोल्याहून डिंकाचे लाडू पाठवले ते गोडंबी घालूनच, फडक्यात बांधून, बसच्या ड्रायव्हरच्या ओळखीने. त्या लाडवांची खमंग, थोडी उग्र चव, अंगावर पिणारं मूल, पोटाला बांधलेलं पातळ, हे सगळं त्या एका शब्दात तिच्या जिभेवर आलं. इतक्या लांब, ह्या कानडी गावात, ह्या पोरीला गोडंबी माहीत आहे! तिला सहनाचं कौतुकच वाटलं. "छे गं," ती हसून म्हणाली, "गोडंबी कशाला घालीन? लहान मुलांना उष्ण पडते. उततेसुद्धा कुणाकुणाला." सहना म्हणाली, "हौदु, तिला तसंच होतं. ओठ सुजतात." दोघी मान हलवत होत्या. दोघींना एकमेकींचं अगदी पटलं होतं.

सतरंजीवर बसलेल्या पावनीचे ओठ आता सुजले होते. ते आधी कमलिनीच्याच लक्षात आलं, आणि पाहता पाहता गळ्यावर लाल गांधी उमटल्या, जशा काही कुणी आतून बोटं उठवत होतं. मुलगी रडत नव्हती. रडायला लागणारा श्वास तिला मिळत नव्हता. सहनाच्या हातातला पेला पडला. मग सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या, कुणी मीठ म्हटलं, कुणी दृष्ट म्हटलं, तुळसीबाई देवघराकडे धावल्या, आणि सहनाचा नवरा विजयेंद्र गाडीची किल्ली शोधत 'एन् तिंदळु, एन् तिंदळु' म्हणत राहिला, काय खाल्लं हिने. कमलिनी न विचारता गाडीत मागे बसली. पावनीचे पाय तिच्या मांडीवर होते, डोकं आईच्या. पैंजणातला एक घुंगरू तिच्या बांगडीत अडकला आणि दवाखाना येईपर्यंत सुटला नाही. तो सोडवायला तिने हात हलवला नाही, उलट बरं वाटलं, की मुलीचं काहीतरी आपल्याला अडकलंय तोवर ती कुठे जाणार नाही. रस्त्यावर दसऱ्याच्या दिव्यांच्या कमानी होत्या, माणसं आइस्क्रीम खात सावकाश चालत होती, आणि विजयेंद्रचा हॉर्न त्यांना उत्सवातलाच वाटत होता. सहना मुलीच्या कानाशी कानडीत काहीतरी एकसुरी बोलत होती. कमलिनीला त्यातला एक शब्द कळत नव्हता, आणि तरी ते काय आहे ते कळत होतं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने विचारत बसण्याआधी मुलीच्या मांडीत सुई दिली. तेवढ्याने तो कमलिनीला देवासारखा वाटला. मग नाकावर नळी बसवता बसवता त्याने विचारलं, काय खाल्लं. सहनाने कमलिनीकडे पाहिलं. कमलिनी म्हणाली, "नाचणी. खजूर. नारळाचं दूध. वेलची." आणि थांबली. हे थांबणं ठरवून नव्हतं. पाय ओळखीच्या पायरीवर आपोआप थांबतो तसं ते थांबलं. आत मुलीची छाती घरघरत होती, भिंतीवरच्या यंत्रात हिरवी रेघ उड्या मारत होती, आणि कमलिनीच्या तोंडात चार खऱ्या गोष्टींनंतर पाचवी यायला नाही म्हणत होती. "अष्टेना?" डॉक्टरने विचारलं, एवढंच? तेव्हा ती म्हणाली, "काजू. भिजवून वाटलेले."

डॉक्टरने सहनाकडे वळून म्हटलं, "गोडंबी."

तो शब्द त्याने असा सहज टाकला, जसं कुणी पाण्याला पाणी म्हणावं. सहनाने मुलीचं पाऊल हातात घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी विचारलं होतं, अक्का."

"तू गोडंबी विचारलंस."

"हौदु. गोडंबीच विचारली."

"अगं, पण गोडंबी म्हणजे बिब्यातली... बिबा नाही का, काळा..."

"बिबा म्हणजे?" सहना म्हणाली.

काजूला कानडीत गोडंबी म्हणतात. एवढंच होतं ते. मंडी मोहल्ल्यातल्या ज्या दुकानातून ती वर्षानुवर्षं काजू आणायची तिथे डब्यावर बहुधा तेच लिहिलेलं असणार, पण ती अक्षरं ती वाचायला शिकली नव्हती. बोट दाखवलं की भागायचं. दवाखान्याच्या बाकावर बसून ती त्या शब्दाकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली. परका शब्द असता तर तिने विचारलं असतं. घरच्या माणसासारखा आला म्हणून आत घेतला. हे तिला खरं वाटत होतं, आणि त्यात एक आराम होता, आणि त्या आरामाचीच तिला भीती वाटत होती.

मुलीचा श्वास सुटा झाला तेव्हा तुळसीबाई रिक्षाने आल्या, बरोबर त्र्यंबक. नातीच्या अंगावरून हात फिरवून झाला, अंगारा लावून झाला, आणि मग झालं काय ते ऐकून त्या सुनेकडे वळल्या. "काजू म्हणायला तुझी जीभ झडत होती?"

"अत्ते, आपल्या घरात गोडंबीच म्हणतात..."

"आपल्या घरात म्हणतील काहीही! ह्या तिकडच्या. तिकडच्या माणसाला तिकडचा शब्द नको सांगायला? इतकी वर्षं घसा फोडून सांगते, मराठी नीट शिक, नीट शिक. आता बघ, जिवावर आलं ना."

खुद्द तुळसीबाई जन्मात कधी काजूला काजू म्हणाल्या नव्हत्या. हे विजयेंद्रला ठाऊक होतं, सहनाला होतं, आणि गंमत म्हणजे त्या क्षणी कमलिनीलाही अंदाज आला. विजयेंद्र म्हणाला, "अम्मा, बिड," सोडून दे. पण तो आईला म्हणाला, बायकोला काहीच म्हणाला नाही. सहनाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कमलिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तुळसीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं कमलिनी, तू कशाला रडतेस? तुझी काय चूक? तू चांगल्या मनानेच केलंस की."

आली ती हाक. दवाखान्यातल्या फिनेलच्या वासात, सहनाच्या डोक्यावरून. कमलिनीने ती घेतली. नको म्हणता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं: तुम्ही सगळ्यांनी विचारलंत तेव्हाही मी काजू सांगितले नव्हते. कारण तसंच झालं होतं. वाट्या भरायच्या आधी दिवाणखान्यात बायकांनी विचारलं होतं, 'काय काय घातलंय?' आणि तिने तो चार नावांचा पाढा म्हटला होता, आणि दारात सहना उभी होती. तो ऐकूनच सहनाने, दुहेरी खात्री झाली म्हणून, पावनीच्या हातात वाटी दिली होती. शब्दाने तर फक्त पहिलं दार उघडलं. दुसरं उघडं ठेवलं होतं ते ह्या बाईने, कुणी जड म्हणू नये म्हणून. कमलिनीने ते वाक्य मनात जुळवलं, व्याकरण तपासलं. तेवढ्यात नर्स औषधाची चिठ्ठी घेऊन आली.

मग ते वाक्य राहूनच गेलं, कारण गोष्ट फार चांगली होती. गोडंबीची गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर झाली. त्र्यंबकने ती अकोल्याच्या ग्रुपवर टाकली. मावसभावांनी बिब्यांचे फोटो पाठवले, कुणी म्हणालं बघा भाषा कशी असते, कुणी हसून लोळणारे चेहरे पाठवले. मुलगी बरी झाली होती, त्यामुळे हसायला परवानगी होती. गोष्टीत सहनाचं मराठी होतं, कमलिनीचं अकोला होतं, डॉक्टरचा तो एक शब्द होता. पाढा नव्हता. जो ऐके तो म्हणे, 'बिचारी ती तरी काय करणार,' आणि 'ती' म्हणजे कमलिनी. फक्त स्पृहाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आई, तू काय काय घातलंय ते सांगितलं असशील ना? त्यात काजू सांगितले होतेस?"

"अगं, त्या गडबडीत..."

"तू काजू कधीच सांगत नाहीस," स्पृहा म्हणाली. रागाने नाही. उन्हाळ्यात ऊन असतं असं म्हणावं तसं. कमलिनी म्हणाली, ओट्यावर दूध आहे, नंतर करते. ओट्यावर काही नव्हतं. तिने उगाच बर्नर पेटवला आणि त्याची निळी फुलं बघत उभी राहिली. अण्णांच्या कोटातल्या कागदाची चुरचुर आली. लपवणारा तो नेहमी दुसरा असतो, असं ती आजवर समजत आली होती.

सहना आली ती एका सकाळी, पुढच्या दाराने. आजवर ती मागच्या दाराने यायची. हातात पुडिंगचं पातेलं, घासून लख्ख केलेलं, आणि रिकामं भांडं देऊ नये म्हणून तळाशी मूठभर साखर. तिने इस्त्रीची साडी नेसली होती, शाळेत निघाल्यासारखी. कमलिनी म्हणाली, "ये ना, बस. पावनी कशी आहे?"

"बरी आहे." ती बसली नाही. "मला बोलायचं आहे."

कमलिनी मनात म्हणाली, आता ही विचारणार. हिने आठवलं असणार, दिवाणखाना, दार, ती चार नावं. विचारू दे, असं तिला एकदम वाटलं. विचारलं तर सांगून टाकीन, इथेच, उभ्या उभ्या. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. सहनाने श्वास घेतला आणि पाठ केलेल्या धड्यासारखं, प्रत्येक शब्द सुटा करून म्हटलं, "माझ्या चुकीच्या शब्दामुळे तुम्हाला मनस्ताप झाला. मी स्पष्टपणे काजू म्हणायला हवं होतं. कृपया मला क्षमा करा."

एक कानडी शब्द नव्हता त्यात. अल्वा नव्हतं, हौदु नव्हतं. 'अक्का' नव्हतं, 'तू' नव्हतं. कुणी तरी लिहून दिलं असेल, किंवा तिने स्वतःच शाळेच्या मधल्या सुट्टीत बसून जुळवलं असेल. त्यात एकही खडा राहू नये म्हणून दहादा निवडलेलं ते मराठी इतकं शुद्ध होतं की कमलिनीला ते अंगावर आल्यासारखं झालं. सहनाच्या डोळ्यांखाली झोप नसल्याची काळी वर्तुळं होती. "हे अत्तेंनी..." कमलिनीने सुरुवात केली.

"नाही. मीच. मी आई आहे ना. मीच नीट विचारायला हवं होतं." आणि मग क्षणभर धडा सुटला, आवाज खाली आला. "मला वाटलं होतं तुम्ही दुसऱ्यांदाही काजूचं नाव घेतलं नाहीत, बाहेर, सगळ्यांना सांगताना. मी नीट ऐकलं नसेल. माझं मराठी तेवढं नाही."

आलं होतं ते. सरळ समोर येऊन उभं राहिलं होतं, कुणीही न बोलावता, आणि स्वतःच मान खाली घालून. कमलिनीने फक्त म्हणायचं होतं, तू नीट ऐकलंस. तीन शब्द. पोरीला तिची झोप परत मिळाली असती, मराठी परत मिळालं असतं. तिने तोंड उघडलं. बाहेरून तुळसीबाईंचा आवाज आला, "कमलिनी, अगं आहेस का? दुधी आणलाय, त्याचं काय करशील सांग," आणि चपलांची सरपट.

"असू दे गं," कमलिनी म्हणाली. "होतं असं. मी काही मनात धरलं नाही."

सहनाने मान हलवली, आभार मानल्यासारखी. दारात सासूला वाट देण्यासाठी ती अंग चोरून बाजूला झाली, मग पायऱ्या उतरून गेली. त्या दिवसापासून ती कमलिनीशी बोलली ती इंग्रजीत, थोडं आणि व्यवस्थित; मुलीच्या डब्यावर तिने इंग्रजीत आणि कानडीत काजूचं नाव लिहून चिकटवलं, मराठीत नाही. पावनीला ओळखीच्या घरचं काही खायची मनाई झाली. ती आता ताटाकडे बघून आधी आईकडे बघते. तुळसीबाईंच्या खिशातून काही गेलं नाही, त्यांना दुधीची खीर मिळाली. कमलिनीला सगळं मिळालं. भरलं ते सहनाने, आणि भरून झाल्यावर माफीही तिनेच मागितली.